धुकं यायच्या आधीचा आकडा

आमच्या घरी ट्रेकच्या सामानाच्या डब्यात तीन होकायंत्रं आहेत. एक किल्लीच्या कडीला अडकवायचं, एक लंडनहून आलेलं आणि एक मी स्वतः पारखून घेतलेलं. पहिल्याने मला भर पावसात तोंडघशी पाडलं, दुसऱ्याला आपलं हवापाणी मानवत नाही आणि तिसऱ्याला मी माझ्याच हाताने वेड लावलं होतं.

सुरुवात पहिल्यापासून. जुलै महिना, हरिश्चंद्रगड, आम्ही पाच जण. पाचनईहून चढलो, मंदिरात टेकलो आणि जेवणाआधी कोकणकडा बघून येऊ म्हणून निघालो. जाताना वाट इतकी मळलेली की नकाशा काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कड्यावर पोचलो आणि दहा मिनिटांत खालून ढग वर आले. आधी दरी गेली, मग रेलिंग, मग आमच्यातलाच मागे उभा असलेला एक जण. परतताना फोन काढला तर ओल्या स्क्रीनवर बोट एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे. मग मी मोठ्या ऐटीत सॅकच्या चेनला लटकवलेलं होकायंत्र हातात घेतलं. त्याची सुई बाजूला घासत होती. टिचकी मारली की नवी उत्तर दिशा. तीन टिचक्या, तीन उत्तर दिशा.

तरी आम्ही चालत राहिलो. पाऊण तासाने एका लगोरीपाशी आलो. वाटेच्या खुणेसाठी रचतात तशी दगडांची लगोरी, वरचा दगड त्रिकोणी. मैत्रीण म्हणाली, "हा दगड मघाशी पाहिला आपण." कुणी काही बोललं नाही, पण 'चकवा' हा शब्द सगळ्यांच्या डोक्यात आला असणार. माझ्या आजोळी चकव्याच्या गोष्टी ढिगाने होत्या. रात्री शेतातून घरी निघालेला माणूस पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत राहतो. त्यात भुताचा हात नाही हे मला बरंच नंतर वाचायला मिळालं. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना सहारात आणि जंगलात "सरळ चाला" म्हणून सोडलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ गेली. आभाळ भरल्यावर गोल फिरायला लागली, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा तर काही जण २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरले. म्हणजे बांधाएवढंच.

आम्हाला शेवटी पाचनईच्या एका मामांनी गाठलं. डोक्यावर इरलं, हातात काठी. "कुढं चालले? म्होरं कडा हाय." आम्ही मंदिराकडे निघालोय असं सांगितल्यावर ते जरा हसले, मग मान तिरकी करून उभे राहिले. मला वाटलं विचार करताहेत. ते ओढ्याचा आवाज ऐकत होते. वीस मिनिटांत त्यांनी आम्हाला मंदिराशी आणून सोडलं.

ते किल्लीवालं होकायंत्र मी अजून फेकलेलं नाही. नव्या पोरांना दाखवायला बरं पडतं.

पुण्याला आल्यावर शेजारच्या काकांना हा प्रकार सांगितला. काका लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कपाटातून पितळी प्रिझमॅटिक होकायंत्र काढलं. एनसीसीत असताना मी ते दुरून पाहिलं होतं. तेव्हा सगळ्या कॅडेट्समध्ये मिळून एकच होतं आणि माझी पाळी येईपर्यंत चहा यायचा. हातात चांगलं वजनदार लागलं. झाकण उघडून डोळ्याशी धरायचं आणि भिंगातून तबकडीवरचा आकडा वाचायचा. मला तसंच घ्यायचं होतं. काका म्हणाले, "अगं, हे घेऊन काय करशील? तुला तोफ डागायचीय का? नकाशावर ठेवता येईल असं पारदर्शक घे."

मग त्यांनी विचारलं, "उत्तर कुठे आहे ते कळलं असतं, तर त्या दिवशी काय केलं असतंस?"

मी गप्प. मंदिर कड्याच्या कुठल्या बाजूला आहे हेच मला माहीत नव्हतं. उत्तर दिशा अगदी सोन्याच्या ताटात मिळाली असती, तरी माझा पाय कुठे पडला असता?

"तेच. धुकं यायच्या आधी आकडा घेऊन ठेवायचा, म्हणजे जायची जागा उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते. धुक्यात फक्त तो पाळायचा."

माझ्या आजवरच्या शिक्षणाचा गाभा एवढाच. बाकी सगळं हातसफाई.

खरेदीला गेले तेव्हा काय बघायचं ते काकांनी कागदावर लिहून दिलं होतं. सपाट पारदर्शक पट्टी, तिच्यावर पुढे जायच्या दिशेचा बाण. फिरणारी गोल डबी, कडेला ० ते ३६० अंश, दर दोन अंशांना रेघ. डबीच्या तळाशी समांतर रेघा आणि सुई बसवायची चौकट. सुई तेलात बुडालेली, म्हणजे ती थरथरत न बसता तीन-चार सेकंदांत स्थिरावते. पट्टीच्या कडेला १:५०,००० ची मोजपट्टी. ही शेवटची अट मी हलक्यात घेतली असती तर फसले असते. दुकानातल्या एका देखण्या होकायंत्रावर १:२४,००० चीच पट्टी होती. ती अमेरिकेतल्या नकाशांसाठी. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट १:५०,००० ची, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर.

दुकानदाराने हौसेने पाच होकायंत्रं काउंटरवर ओळीने मांडली. पाचांच्या सुया पाच दिशांना! मला वाटलं सगळाच माल भिकार. तोही गोंधळला. मग लक्षात आलं की त्या सुया एकमेकींनाच ओढताहेत, वर काउंटरची चौकट लोखंडी. एकेक उचलून फुटपाथवर नेलं, तिथे लावलेल्या स्कूटरपासून चार पावलं लांब उभी राहिले, आणि पाचही शहाण्यासारखी एकाच दिशेला वळली. जाणारे-येणारे बघत होते. बघोत.

दोनांत हवेचा बुडबुडा होता. टाचणीच्या डोक्याएवढा असता तर चाललं असतं, पण त्यातला एक सुईला अडवण्याइतका मोठा होता. एकाला उघडमिटीचा आरसा होता. दूरचं टोक आणि तबकडी एकाच वेळी दिसावी म्हणून तो असतो, आणि आकडा खरंच नेमका मिळतो. पण वजन वाढतं, किंमतही, आणि सह्याद्रीतल्या दोन-तीन किलोमीटरच्या चालीसाठी एवढ्या नेमकेपणाची गरज नाही असं माझं मत. एक अंश चुकलं तर किलोमीटरमागे साधारण १७ मीटरांचा फरक पडतो. तेवढं धुक्यातही निस्तरता येतं. मी बिनआरशाचं घेतलं.

हे होईस्तोवर लंडनच्या मावसभावाने वाढदिवसाला म्हणून तिथलं एक झकास होकायंत्र पाठवलं. दिसायला माझ्याहून कितीतरी भारी. पण आडवं धरलं की सुईचं लाल, म्हणजे उत्तरेकडचं, टोक वर उचललेलं आणि मागचं टोक खाली टेकलेलं. डबी फिरवली की मागचं टोक तळाला घासे. मला वाटलं, कुरिअरवाल्याने आपटलं. काकांनी एका नजरेत ओळखलं. पृथ्वीचं चुंबकीय बळ जमिनीला समांतर नसतं, उत्तर गोलार्धात सुईचं उत्तर टोक खाली ओढलं जातं. लंडनला हा उतार ६० अंशांहून जास्त, आपल्याकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथल्यासाठी बनवताना सुईच्या मागच्या टोकाला तेवढं वजन दिलेलं असतं. ते इथे आलं की मागचं टोक जड होतं. काही कंपन्या जगभर चालेल अशी सुई बनवतात, तसं लिहिलेलं असेल तरच परदेशातून मागवावं. भावाला मी कळवलं नाही. फोटोत छान दिसतं.

परदेशी व्हिडिओ बघून शिकायला बसले तर अर्धा वेळ दिक्पाताचा जप. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक म्हणजे दिक्पात. अमेरिकेत काही ठिकाणी तो दहा-पंधरा अंशांचा असतो, तिथे बेरीज-वजाबाकीवाचून गत्यंतर नाही. आपल्या महाराष्ट्रात सध्या तो एका अंशाच्याही आत आहे. काका म्हणाले, "विसरून जा." मी विसरले, पण हे आकडे मोजतं कोण म्हणून शोधायला गेले तर धागा थेट अलिबागला पोचला. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मग शहरात विजेवरच्या ट्राम यायचं ठरलं. त्यांच्या विजेने उपकरणं बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. दर उन्हाळ्यात आम्ही अलिबागला जातो आणि पोहून, पोपटी खाऊन परत येतो. बाजूला शंभराहून जास्त वर्षं कुणीतरी सुईकडे बघत बसलंय हे मला ठाऊकच नव्हतं. (हो, पोपटी हिवाळ्यातली. आम्ही हिवाळ्यातही जातो.)

सराव वेताळ टेकडीवर केला. तिथून हवा स्वच्छ असेल तर सिंहगड टॉवरमुळे लगेच ओळखू येतो. पट्टीचा बाण सिंहगडाकडे धरायचा, होकायंत्र छातीशी आडवं. मग पट्टी न हलवता फक्त डबी फिरवायची, तळाच्या चौकटीत सुईचं लाल टोक बसेपर्यंत. मग बाणाशी आलेला आकडा वाचायचा. माझा आकडा आला २०. सिंहगड पुण्याच्या उत्तरेला! सुईचं पांढरं टोक चौकटीत बसवलं होतं मी. लाल बसवल्यावर २००, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला. बरोबर.

दुसऱ्या दिवशी तिथूनच २१०. तिसऱ्या दिवशी २०२. काका बाकावर बसून मजा बघत होते. "हात थरथरतोय का?" हात नव्हता थरथरत. २१० आला त्या दिवशी कुर्त्याच्या गळ्याशी सेफ्टी पिन होती, आणि होकायंत्र तिच्यापासून चार बोटांवर. पिन काढली, आकडा जागेवर. तेव्हापासून ट्रेकला जाताना मी अंगावरचं लोखंड मोजते: पिन, घड्याळ, कडं. अंतर्वस्त्रातली तारसुद्धा. हे शेवटचं काकांना माहीत असायचं कारण नव्हतं, ते माझं मीच शोधलं.

नकाशावरून आकडा काढायचा तर क्रम उलटा. टोपोशीट जमिनीवर पसरायचं. हरिश्चंद्रगडाचं जुन्या क्रमांकाने ४७ ई/१५. होकायंत्राची कड निघायच्या जागेवर आणि पोचायच्या जागेवर टेकवायची, बाण पोचायच्या दिशेला. डबी अशी फिरवायची की तळाच्या रेघा नकाशाच्या उभ्या रेघांना समांतर होतील आणि डबीवरची उत्तर नकाशाच्या वरच्या बाजूला येईल. सुईकडे या वेळी ढुंकूनही बघायचं नाही. आकडा मिळाला. आता होकायंत्र उचलून छातीशी धरायचं आणि स्वतः गोल फिरायचं, लाल टोक चौकटीत येईपर्यंत. बाण दाखवतो तिकडे जायचं. पहिले दोन आठवडे मी सुईला फिरवायला बघत होते. फिरायचं आपण असतं.

आणि मग तिसरं वेडं झालं. एका रविवारी पहाटे टेकडीवर गेले, सूर्य नुकताच वर येत होता. सहज होकायंत्र काढलं तर ते म्हणे सूर्य पश्चिमेला आहे. आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, असं आपण म्हणतो, पण हातातलं यंत्र तसं म्हणायला लागलं तर पोटात गोळा येतो. डबी झटकली, पाच पावलं सरकले, पिना तपासल्या. लाल टोक ठामपणे दक्षिणेकडे. आदल्या आठवड्यात गाडीने गावाला जाऊन आले होते, आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात होकायंत्र आणि फोन गळ्यात गळा घालून पडले होते. फोनच्या कव्हरला चुंबकाची कडी आहे. तिने रात्रभरात सुईचे ध्रुवच उलटे करून टाकले होते. आकाश भरलेलं असतं तर मला कळलंही नसतं. मी निमूटपणे उलट्या दिशेला गेले असते, आणि तेही मोठ्या शिस्तीत.

काकांनी जुन्या स्पीकरमधला जाड चुंबक काढला. होकायंत्र तिरकं धरून सुई टेकवली, म्हणजे ती फिरायची थांबली, आणि चुंबकाचं दक्षिण टोक सुईच्या मध्यापासून लाल टोकापर्यंत डबीवरून चार-पाचदा ओढलं. मग दोघांनी ते टेबलावर ठेवलं आणि बघत राहिलो. सुई एकदा घुटमळली, वळली आणि उत्तरेला जाऊन बसली. त्यानंतर होकायंत्र गळ्यात, फोन सॅकच्या तळाशी. आणि निघण्याआधी सूर्याशी ताडून बघणं, कितीही घाई असो.

सव्वा वर्षाने, सप्टेंबरात, पुन्हा हरिश्चंद्रगड. या वेळी आम्ही दोघीच. घरीच नकाशावरून मंदिर ते कोकणकडा साधारण २५० काढून ठेवला होता. परतीचा उलटा आकडा त्यातून १८० वजा करून ७०. तो बॉलपेनने तळहातावर लिहिला. मामांच्या ओढ्याचीही आठवण होती. मंगळगंगा मंदिरापाशी उगम पावून पाचनईकडे, म्हणजे उत्तरेला जाते. कड्यावरून बरोबर ७० धरून निघालो आणि मंदिर चुकलं, तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे हे कळणार नाही. म्हणून मुद्दाम डावीकडे चुकायचं. ५५ धरायचा. ओढा लागला की उजवीकडे वळून पाण्याच्या उलट्या दिशेने वर जायचं. मंदिर तिथेच असणार.

कड्यावर पोचलो तेव्हा तारामती शिखर दिसत होतं. त्याचा आकडा घेतला आणि नकाशाशी ताडला. फरक दोन अंशांचा. मग गंमत म्हणून होकायंत्र कातळावरच ठेवलं, तर सुई चांगली आठ-नऊ अंश सरकली. कातळावरून हातभर पुढे सरकवलं तर पुन्हा वेगळीच. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, त्यात लोहाचं चुंबकीय खनिज भरपूर. जिथे वीज पडते त्या माथ्यांवर चुंबकत्व तर जास्तच. त्यातही हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव बराच काळ उलटे होते, आणि ते उलटेपण अनेक थरांत अजून जपलेलं आहे. माझ्या होकायंत्राला फोनने जे केलं, ते इथे अख्ख्या डोंगराचं झालेलं. एवढंच लक्षात ठेवायचं की सह्याद्रीत आकडा दगडावर ठेवून घ्यायचा नाही. उभं राहून, छातीशी धरून, आणि दहा पावलं सरकून दुसऱ्यांदा.

अकराच्या सुमारास ढग आला. या वेळी मी त्याची वाटच बघत होते म्हटलं तरी चालेल, तरी तो आल्यावर तळहाताला घाम सुटायचा तो सुटलाच. '७०' जरा पसरला.

धुक्यात पुढे बघून झाड निवडावं तर झाडच नाही. म्हणून मैत्रीणच झाड. तिचा पोंचो लाल. ती दिसेनाशी व्हायच्या बेतात आली की मी ओरडायची, "थांब! थोडी डावीकडे... अजून... बास." ती उभी राहायची, मी तिच्यापर्यंत जायची, पुन्हा तेच. मध्ये एक घळ आडवी आली. तिथे ९० अंशांत उजवीकडे वळलो, ४० पावलं मोजली, पुढे जाऊन घळ ओलांडली आणि ४० पावलं डावीकडे परत आलो. प्रत्येक १०० पावलांना मी उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकत होते.

मध्येच मनाने उचल खाल्ली. सगळं अंग सांगत होतं की मंदिर उजवीकडे आहे आणि आपण फार डावीकडे चाललोय. सुई म्हणत होती हेच बरोबर. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या यंत्राला परत फोन तर चिकटला नाही ना?" मी थांबले. सकाळी सूर्याशी ताडलं होतं. तारामतीशी ताडलं होतं. गळ्यात होतं, फोन तळाशी होता. पिन नव्हती. डावीकडे तर आपण ठरवूनच चाललोय. मग चालत राहिलो, पण पुढची दहा मिनिटं आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

ओढा आधी ऐकू आला, मग दिसला. उजवीकडे वळलो. पाणी समोरून येत होतं, म्हणजे आम्ही वर चाललो होतो. काही वेळाने धुक्यातून मंदिराचा काळा कळस अचानक डोक्यावरच आला.

झापात पिठलं-भाकरी सांगितली. भाकरी येईपर्यंत मी डाव्या खिशातले चिंचोके बाहेर काढून मोजले आणि नकाशावरच्या अंतराशी जुळवून पाहिले. दोन जास्त भरले.